आईच्या नावाची नक्कल

दगडाला रागावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शिरूरच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत ते एका कबरीसमोर उकिडवे बसले होते आणि म्हणत होते, “बाई, तुमची मरणाची तारीख इथं एक, पुस्तकात दुसरी. तुम्ही दोनदा वारलात का? काय असेल ते एकदा नीट सांगा.” मग त्यांनी खिशातून दाढीचा छोटा आरसा काढला, उन्हाची तिरीप दगडावर पाडली, आणि बुजलेल्या अक्षरांवर बोट फिरवत पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. मी मागे उभा होतो. मी चपलेतला खडा काढत बसलो.

ते रेल्वेतले निवृत्त गार्ड. मालगाडीचे. राहायला दौंडला, रुळांच्या पलीकडे एका खोलीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दर गुरुवारी एसटीने शिरूरला यायचे आणि घड्याळ बघत आमच्या कचेरीची पायरी चढायचे. “दहा बेचाळीस. गाडी सात मिनिटं लेट,” असं म्हणून ते वहीत लिहायचे आणि मगच नमस्कार करायचे. कचेरीत त्यांना सगळे थडगेमास्तर म्हणत. मी तोंडावर गार्डसाहेब म्हणायचो आणि माघारी मीही थडगेमास्तरच म्हणायचो. खोटं कशाला बोलू?

मी तेव्हा शिरूरच्या एका सरकारी कचेरीत जुन्या दप्तराच्या खोलीत कारकून होतो. नव्वदीची मधली वर्षं. मला मोडी वाचता येत होती, आणि सरकारात एखादी गोष्ट येणं यासारखा गुन्हा नाही. साहेबांनी मला उचलून त्या खोलीत टाकलं ते तिथंच ठेवलं. बायको बारामतीला शाळेत शिक्षिका, मुलं तिच्याजवळ. मी भाड्याच्या खोलीत एकटा, आणि दिवसभर लाल फडक्यांत बांधलेली गावोगावची जन्ममृत्यूची दप्तरं. कोण कधी जन्मलं, कोण कशानं मेलं, गावच्या कोतवालाने सांगितलेलं आणि कुणीतरी मोडीत उतरवलेलं. लोक यायचे ते कामापुरते. कुणाला आजोबाची जात पाहिजे असायची, कुणाला पणजोबाची जमीन. आजी कुणालाच नको असायची.

गार्डसाहेब पहिल्यांदा आले तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारलं, “जात की जमीन?”

“दोन्ही नको, भाऊसाहेब,” ते म्हणाले. “आई पाहिजे.”

मग उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. ते तीन-चार वर्षांचे असताना तापाची साथ होती. कुठल्या तरी गावाहून कुणीतरी त्यांना आणि त्यांच्या आईला बैलगाडीत घालून शिरूरच्या मिशनच्या दवाखान्यात आणून सोडलं. आई गेली. पोर वाचलं. मिशनने पोराला बोर्डिंगात ठेवलं, नाव दिलं, आडनावही तिथल्याच एका मास्तरांचं लावलं. आईचं नाव कुणी विचारून घेतलं नाही, गावही नाही. बोर्डिंगच्या पुस्तकात एक ओळ आहे: आई शिरूर येथे मयत. आणि दौंडच्या ख्रिस्ती देवळाच्या पुस्तकात त्याच सुमाराची दुसरी ओळ आहे: शिरूरहून आणलेली एक स्त्री, मूल मागे, येथे पुरली. नाव दोन्हीकडे नाही.

“म्हणजे माझी आई दोन गावांत पुरलीय,” ते म्हणाले, “किंवा एकाही नाही.”

त्यांना स्वतःला आठवत होतं ते एवढंच: ओल्या लोकरीचा वास, आणि कुणाच्या तरी खांद्यावरून दिसलेलं नदीचं पाणी. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला होता की आई मेंढरं राखणाऱ्या घरातली असावी. या तेवढ्या भांडवलावर निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्यांनी शिरूर आणि दौंडच्या मधल्या रस्त्यावर घातली होती.

त्यांची काम करायची रीत रेल्वेची होती. खांद्यावर पत्र्याची पेटी, गार्डाच्या डब्यात असते तसली. तिच्यात दात घासायचे ब्रश तीन, पाण्याची बाटली, कोळशाचे तुकडे, जुनी वर्तमानपत्रं आणि त्यांच्या नोकरीतल्या दोन झेंड्या. हिरवी दगड पुसायला, लाल बसायला. दगडावर कागद लावून कोळसा घासला की अक्षरं कागदावर उमटायची. ते कागद ते घरी नेऊन भिंतीला लावायचे. मी एकदा त्यांच्या खोलीवर गेलो होतो. कॉटपासून छतापर्यंत दुसऱ्यांची माणसं. इंजिन ड्रायव्हर, त्यांच्या बायका, दीड वर्षाची, तीन महिन्यांची पोरं. कॉटच्या उशाशी तेवढी एक चौकोनी जागा मोकळी ठेवलेली होती. ती कुणासाठी हे विचारायची गरज नव्हती.

त्यांचा एक नियम होता. कुठलीही गोष्ट दोन सह्या असल्याशिवाय खरी मानायची नाही. “गाडी सुटताना ड्रायव्हरची सही लागते आणि गार्डाची,” ते सांगायचे. “एकट्याच्या सहीवर गाडी हलत नाही.” म्हणून दगडावर सापडलं तर कागदावर शोधायचं, कागदावर सापडलं तर दगडावर. दुसरी सही मिळाली नाही तर वहीत जागा कोरी सोडायची. त्यांच्या वहीत कोऱ्या जागा फार होत्या. मी एकदा चेष्टेने म्हणालो, “गार्डसाहेब, थोडं अंदाजाने भरा की. मेलेली माणसं तक्रार करायला येत नाहीत.”

ते रागावले नाहीत, पण ब्रश खाली ठेवला. “कोरी जागा चालते, भाऊसाहेब. कोऱ्या जागेपाशी माणूस थांबतो, विचारतो. खोटी नोंद असली की पुढचा माणूस तिच्यावर भरवसा ठेवतो आणि गाडी सोडून देतो. मी एक टक्कर पाहिलीय. लाइन क्लिअर आहे असं कुणीतरी नुसतं अंदाजाने लिहिलं होतं.” एवढं बोलून ते पुन्हा दगड घासायला लागले.

तोंडाने मात्र फटकळ. एकदा पुण्याहून एक गृहस्थ मोटार घेऊन आले. दफनभूमीत त्यांचे पणजोबा होते म्हणे, आणि त्यांना घराण्याचा इतिहास छापायचा होता. मी त्यांना गार्डसाहेबांकडे पाठवलं, कारण तिथला प्रत्येक दगड त्यांना तोंडपाठ. गार्डसाहेबांनी त्यांना दगडापाशी नेलं, हिरव्या झेंडीने दगड पुसला आणि सांगितलं, “हे तुमचे पणजोबा. अविवाहित वारले.”

“असं कसं होईल? मग आम्ही कुठून आलो?”

“ते मला विचारू नका. यांना विचारा,” म्हणून हे बाजूला झाले.

गृहस्थ तणतणत गेले. गार्डसाहेबांना त्या रात्री झोप आली नसावी. पुढे दोन महिने खपून त्यांनी शोधून काढलं की त्याच नावाचे दोन चुलतभाऊ होते आणि गृहस्थांचे खरे पणजोबा दौंडला पुरलेले आहेत, बायकोशेजारी. लगेच पोस्टकार्ड लिहिलं. उत्तर आलं नाही. “नसेना का,” ते म्हणाले. “त्याच्या पणजोबांना तर कळलं, की कुणीतरी नीट शोधलं.” दुसऱ्यांची अशी किती माणसं त्यांनी जागेवर लावली असतील! स्वतःचं एकच माणूस होतं, ते मिळत नव्हतं.

मीही शोधत होतो. दर गुरुवारी त्या सुमाराच्या सालांची एक-दोन गावांची दप्तरं काढून ठेवायचो. ते समोर बसायचे आणि मी मोडी वाचून दाखवायचो. त्यांना मोडी येत नव्हती. “स्त्री, वय तीस, पटकी. पुढं? मुलगा, वय दोन, देवी. पुढं? पुरुष, वय साठ, म्हातारपण.” म्हातारपणाने मेलेला माणूस आला की ते खूश होऊन म्हणायचे, “वा! हा एक नीट पोचला.” दुपारी दफनभूमीच्या भिंतीशी बसून आम्ही त्यांच्या डब्यातली चपाती-आम्लेट खायचो. वाटणी अगदी अर्धी. मला आठवड्याचे बाकीचे सहा दिवस कसे गेले हे आज सांगता येणार नाही, पण गुरुवार सगळे आठवतात.

दोन वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यातल्या गुरुवारी ते आले तेव्हा घड्याळ बघितलं नाही. खुर्चीत बसले आणि बराच वेळ खोकत राहिले.

“भाऊसाहेब, पुढच्या गुरुवारपासून येणार नाही. डॉक्टरनं एसटी बंद केलीय.”

“महिनाभर विश्रांती घ्या, मग या.”

“नाही. आता पुरे.” त्यांनी वही बंद करून पेटीत ठेवली. “एकच वाईट वाटतं बघा. एवढे दगड वाचले. प्रत्येकावर काहीतरी असतं. अमक्याचा मुलगा, तमकीची मुलगी. माझ्या दगडावर काय लिहिणार? माझ्यापासून सुरू आणि माझ्यापाशीच बंद. असा दगड मी एकाही माणसाचा पाहिला नाही. मला जमीनजुमला नको होता. एक नाव पाहिजे होतं, तेवढंच.”

ते गेले. पाच वाजले, कचेरी रिकामी झाली. टेबलावर निमोणे गावचं दप्तर सोडलेलं तसंच पडलं होतं, त्यांच्यासाठीच काढून ठेवलेलं. पानावर एका घरातल्या जन्माची नोंद होती, पुढे धंदा लिहिला होता: मेंढरे. मी नकलेचा छापील कागद घेतला. माहेर म्हणून त्या घराचं आडनाव घातलं. नाव सुचेना, तेव्हा जे पहिलं आलं ते घातलं: सगुणा. वय पंचवीस. ताप. शिरूर येथे मिशनच्या दवाखान्यात मयत, मागे मूल एक. खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारला आणि सही केली.

मला दया आली होती, हे खरं आहे. पण नुसती दयाच होती असं म्हटलं तर ती आणखी एक खोटी नोंद होईल. गुरुवार हातचा जाणार याची मला भीती वाटली होती. सापडलं म्हणून सांगितलं की हा माणूस पुन्हा येईल, बसेल, बोलेल, असं मला वाटलं.

रविवारी मी दौंडला गेलो आणि कागद त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग कॉटवरून उठले, भिंतीपाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. खांदे हलत होते. मी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं, कारण मला तिकडे बघवत नव्हतं. थोड्या वेळाने ते भिंतीकडेच बघत म्हणाले, “सगुणा. चांगलं नाव आहे, नाही?”

“चांगलं आहे,” मी म्हणालो.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरचं न ऐकता ते एसटीने शिरूरला हजर. “मूळ वही बघायची. नुसती बघायची.” हे मला आधी सुचायला हवं होतं. पण मोडी मला येत होती आणि त्यांना नाही. मी निमोण्याची वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, “ही.” ती कुणाच्या तरी दोन महिन्यांच्या मुलाची नोंद होती, खोकल्याने गेलेल्या. गार्डसाहेबांनी हात पँटला पुसला आणि पंजा त्या ओळीवर ठेवला. ठेवून डोळे मिटले. किती वेळ ते मला माहीत नाही. मग दुसऱ्या हाताने घड्याळ वर धरलं आणि म्हणाले, “अकरा सात,” आणि वहीत लिहून घेतलं.

त्यांनी मला निमोण्याला बरोबर चला म्हटलं. कचेरीत तपासणी आहे, साहेब सोडणार नाहीत, असं काहीतरी मी सांगितलं. ते एकटे गेले.

पंधरा दिवसांनी आले ते ओळखू आले नाहीत. जन्मभर डोक्यावर फेल्टची हॅट घालणारा माणूस, आणि डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल. “आजोळचा आहेर,” ते म्हणाले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तो माणूस आजोळी जाऊन आला होता! ते घर आता मेंढरं सोडून शेतीला लागलेलं, कांदा आणि ज्वारी करणारं. मागच्या वाड्यात हौसेखातर पाच-सहा मेंढरं ठेवलेली. घरातला कर्ता पुरुष म्हणजे आबा, गार्डसाहेबांच्याच वयाचे. नात्याने मामेभाऊ. त्यांची आई नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली. तिला विचारलं, तुमची एक नणंद होती का, सगुणा नावाची, तापात गेलेली? तर म्हातारी म्हणाली, “व्हय व्हय, हुती की सगू.”

“दुसरी सही,” गार्डसाहेब मला म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळ मी कधी पाहिला नव्हता.

माझे गुरुवार मात्र गेलेच. आता त्यांना शिरूरला यायचं काय कारण होतं? ते दौंडहून परस्पर निमोण्याला जायचे, आठ-आठ दिवस राहायचे. कधी बाजाराला आले तर कचेरीत डोकावायचे. आबांच्या नाती त्यांना आजोबा म्हणत. हुरड्याला बोलावत. जेवायला पहिलं ताट त्यांचं, कारण भाचा. खोकला कमी झाला होता. सगळं सांगून झालं की ते उठायचे आणि मी दप्तराच्या खोलीत परत जायचो. दफनभूमीत जाणं त्यांनी सोडलं होतं. दौंडच्या खोलीच्या भिंतीवरचे कागदही काढून टाकले होते. फक्त ती मोकळी चौकोनी जागा भरली होती. तिथं काचेच्या चौकटीत माझ्या हातची नक्कल होती.

एकदा शिरूरच्या एसटी स्टँडवर मी धीर केला. गाडीला वेळ होता. मी म्हणालो, “गार्डसाहेब, त्या नकलेबद्दल एक...”

त्यांनी चटकन वळून पाहिलं. “का? शिक्का चुकला का काही?” त्यांचा हात छातीशी गेला होता, जणू मी काही काढून घेणार होतो.

“नाही,” मी म्हणालो. “काचेत ऊन लागू देऊ नका. शाई उडते.”

पुढे माझी बदली झाली. बारामतीला, घरच्यांजवळ. वर्षाकाठी एक पोस्टकार्ड यायचं, तारीख आणि वेळ घालून लिहिलेलं. पाच-सहा कार्डं झाल्यावर एक दिवस निरोप आला की गार्डसाहेब गेले.

दौंडच्या दफनभूमीत देवळातली आठ-दहा माणसं होती. रेल्वेतला म्हणावा तर एक म्हातारा पॉइंट्समन. पण निमोण्याहून एक पिकअप भरून आली होती. आबा, त्यांची मुलं, सुना, नाती. बायका हुंदके देऊन रडत होत्या. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली तेव्हा आबा पागोटं काढून उभे राहिले, आणि माती टाकायची वेळ आली तेव्हा पहिली मूठ त्यांनी टाकली. त्यांना कुणी अडवलं नाही.

सगळं आटोपल्यावर आबा माझ्यापाशी आले. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून त्यांनी चंची सोडली.

“भाऊसायेब, दगुड बसवायचाय. त्याच्याव काय लिवायचं ते तुमी सांगा. तुमच्यामुळंच त्यो आमच्या दारात आला.”

मला ते सहन होईना. इतकी वर्षं जे कुणाला बोललो नव्हतो ते त्या कट्ट्यावर बोललो. वहीत तसली नोंद नव्हती. नाव मी मनाने घातलं. घर तुमचं घेतलं, कारण पान तुमच्या घराचं उघडं होतं.

आबा तंबाखूला चुना लावत होते. त्यांचा अंगठा थांबला नाही.

“आमाला ठावं हाय,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“पयल्या दिसापासनं. आमच्यात सगुणा न्हाईच. भाट येतो धा-पाच वर्सानं, समदी वंशावळ वाचतो, पोरीबाळीसकट. त्येच्यात न्हाई असलं नाव.”

“पण तुमच्या आई हो म्हणाल्या होत्या.”

“म्हातारीला ऐकूच येत न्हवतं. तिला कायबी इचारलं तरी व्हय म्हणायची. तिला म्हणलं आसतं, तू दिल्लीची राणी का, तरी व्हय म्हणली आसती.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

आबांनी तंबाखूवर टिचकी मारली. “कसं बोलू? सत्तरीला आलेला बाप्या, उन्हातनं चालत आलाय, हातात कागुद धरून हुबा ऱ्हायलाय, आन् म्हणतोय ह्ये माजं आजोळ हाय. त्याला आदी पानी द्यायचं का वंशावळ काढून दावायची? पानी दिलं. मंग जेवाय वाढलं. दारी आलेला भाचा उपाशी घालवू ने म्हंत्यात. येकदा जेवल्याव मंग सांगायचं ते मागंच पडत गेलं. मंग त्यो गोडच लागाय लागला आमाला. पोरं तर त्याच्याबिगर हुरडा भाजीनात.”

मग आबाच म्हणाले, “येकदा त्यानं इचारलं हुतं मला.”

“काय?”

“मागच्या वाड्यात मेंढरापाशी बसलो हुतो दोगंच. मला म्हणला, आबा, एक विचारतो, खरं सांगा. मी खरंच तुमचा हाय का? म्या म्हणलं, मंग काय बाजारातनं उचलून आनलाय तुला? आन् हासलो. त्योबी हासला. पर जरा उशिरा हासला.” आबांनी तंबाखू तोंडात टाकायची ती हातातच धरून ठेवली. “तवा सांगाय पायजे हुतं का वो भाऊसायेब?”

तो माणूस खोट्याला फसलेला होता की नव्हता, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण त्याने विचारलं होतं, सरळ आणि स्पष्ट, आणि विचारायला त्याला जगात दोनच माणसं होती. एकाने शाईची गोष्ट काढली, एक हसला. आम्ही त्याला घर दिलं, नातवंडं दिली, पहिलं ताट दिलं. त्याला एकटं वाटू नये म्हणून जे जे सुचलं ते सगळं केलं. जन्मभर त्याचं मागणं मात्र एकच होतं, की मला खरं काय ते सांगा. ते देण्याइतका जवळ त्याच्या कुणीच नव्हतं. इतकं एकटं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि त्यात माझा हात आहे.

दगडावर आईचं नाव नको, असं मी आबांना सुचवून पाहिलं. ते ऐकेनात. “आईचं नाव न्हाई तर दगुड कसला? त्येच्यासाटीच तर जल्मभर हिंडला त्यो.” मग मी पाथरवटाला मजकूर लिहून दिला. त्यांचं नाव, रेल्वेतली नोकरी, आणि खाली: निमोणे येथील सगुणा यांचा मुलगा. एकही खाडाखोड न करता लिहिला. सवय झाली होती.

वर्षभराने मी जाऊन दगड पाहिला. पाथरवटाने अक्षर फार सुरेख काढलं आहे. आजूबाजूच्या दगडांपेक्षा ते खोल कोरलेलं आहे, पन्नास-शंभर वर्षं सहज वाचता येईल. काचेतली नक्कल आबांनी निमोण्याच्या घरी नेऊन लावली आहे. म्हणजे दगडही आहे आणि कागदही आहे, आणि कुणी तपासायला आलं तर दोन्ही तंतोतंत जुळतील. आबाही आता राहिले नाहीत. त्यांच्या मुलांना मी कधी काही सांगितलं नाही. त्यांच्या घरात आता सगुणाआत्या म्हणून एक बाई होऊन गेली असं पोरं सांगतात.

म्हणून हे लिहून ठेवतो आहे. दौंडच्या त्या दगडावर आईचं म्हणून जे नाव आहे ते खोटं आहे. सगुणा नावाची बाई नव्हती. ते नाव मी एका संध्याकाळी कचेरीत बसून घातलं. त्यांच्या आईचं खरं नाव काय होतं, ती शिरूरला आहे की दौंडला, हे मला माहीत नाही. तिला शोधणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याचं शोधणं मी थांबवलं.